सुट्या भागांचा सलोखा

घरीं बसून स्वतःच्या हातानें संगणक जुळवावा आणि त्यावर आपल्याला हवे ते खेळ खेळावे, ही हौस आतां शहरांतील पुष्कळ घरांत शिरली आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत जाऊं लागली, गांठीं थोडे पैसे जमले, कीं एके दिवशीं कागदावर एक यादी तयार होते: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. यादींतील प्रत्येक वस्तु निराळ्या कारखानदाराची. कोणी तैवानचा, कोणी अमेरिकेचा, कोणी कोरियाचा. तरीही आठवड्याभरांत त्या वस्तु पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरीं येतात, जेवणाच्या टेबलावर मांडल्या जातात, आणि एका स्क्रू-ड्रायव्हरच्या साहाय्यानें तीनचार तासांत त्यांचें एक यंत्र होतें.

आपण याचें नवल मानीत नाहीं. पण मानण्यासारखें आहे. घरांतील मिक्सरचें भांडें फुटलें तर दुसऱ्या कारखान्याचें भांडें त्यावर सहसा बसत नाहीं. एका मोटारीचें दार दुसऱ्या बनावटीच्या मोटारीला लागत नाहीं. मग संगणकाच्याच बाबतींत हा सलोखा कोठून आला? यंत्राच्या अंगचा हा गुण नाहीं. माणसांनीं तो घडवून आणलेला आहे. कांहीं अंशीं ठरवून, कांहीं अंशीं घाईंत, आणि पुष्कळ अंशीं भांडून. हा प्रोसेसर या मदरबोर्डावर चालेल कां, हें कार्ड या कॅबिनेटांत मावेल कां, असे जे प्रश्न नवख्या माणसाला पडतात, त्यांतील बहुतेकांच्या मागें या भांडणांतील एखादें प्रकरण उभें आहे. तें प्रकरण ठाऊक असलें म्हणजे उत्तरें घोकावीं लागत नाहींत. म्हणून आजच्या भाषणांत तो इतिहास आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

प्रारंभ १९७५ सालापासून करूं. अमेरिकेंतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या त्या वर्षीच्या जानेवारीच्या अंकावर ‘आल्टेर ८८००’ नांवाच्या यंत्राचें चित्र झळकलें. न्यू मेक्सिको राज्यांतील आल्बुकर्की शहरीं एम.आय.टी.एस. नांवाची एक लहानशी कंपनी होती; एड रॉबर्ट्स हे तिचे चालक. सुमारें ४०० डॉलर पाठविले कीं सुट्या भागांचें एक खोकें घरीं येई, आणि डाख देण्याचें सगळें काम घेणाऱ्यानें स्वतः करावयाचें. यंत्राला पडदा नाहीं, अक्षरें उमटविण्यास कीबोर्ड नाहीं. पुढच्या अंगास खटक्यांची एक रांग आणि तांबडे मिणमिणते दिवे. परंतु आंत एक महत्त्वाची सोय केलेली होती. १०० टोंकांची एक जोडपट्टी अशी मांडली होती, कीं तिच्यांत नव्या कामाचें नवें कार्ड खोंचतां यावें. इतर लहान कारखानदारांनीं हें पाहिलें आणि आपलीं कार्डें त्याच १०० टोंकांच्या मापानें काढण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं ५ मार्च रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें एका गॅरेजमध्यें ‘होमब्रू कॉम्प्यूटर क्लब’ या हौशी मंडळाची पहिली बैठक भरली, आणि आल्टेर हाच तेथील चर्चेचा मुख्य विषय होता. ‘एस-१००’ या नांवानें ओळखल्या जाऊं लागलेल्या या मापाला अधिकृत प्रमाणाचें रूप मिळावयास मात्र १९८३ साल उजाडलें. आधीं वहिवाट पडली आणि मग तिचा कायदा झाला. सुट्या भागांच्या इतिहासांत हा क्रम पुढेंही वारंवार दिसतो.

यानंतरची घटना मोठ्या घरची आहे. आय.बी.एम. ही त्या काळीं संगणकांच्या धंद्यांतील सार्वभौम कंपनी. महत्त्वाचे भाग आपल्याच कारखान्यांत घडवावे, ही तिची रीत. परंतु घरगुती यंत्रांचा बाजार दुसऱ्यांच्या हातीं जाऊं लागला, तेव्हां तिनें फ्लॉरिडांतील बोका रेटन येथील एका लहान पथकाला सुमारें वर्षभराच्या मुदतींत यंत्र तयार करण्याचें काम सांगितलें. पथकाची धुरा डॉन एस्ट्रिज यांजकडे होती. एवढ्या थोड्या अवधींत सर्व कांहीं स्वतः घडविणें अशक्य होतें. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, यंत्र चालविणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, फ्लॉपीचे ड्राइव्ह टँडन कंपनीचे बसविले. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं हें यंत्र न्यूयॉर्क येथें जगापुढें मांडलें गेलें. सर्वांत साधें रूप १,५६५ डॉलरांस मिळे. आंत कार्डांसाठीं ५ स्लॉट होते, आणि ते दुसऱ्या कारखानदारांनीं भरावे, अशी कंपनीचीच इच्छा होती. तेवढ्यासाठीं तिनें एक तांत्रिक ग्रंथ विक्रीस ठेविला. त्यांत यंत्राच्या सर्व विद्युत्-मार्गांचे नकाशे होते. इतकेंच काय, तर ‘बायॉस’चा संपूर्ण मजकूर होता. यंत्र सुरू होतांच सर्वांत आधीं जागी होणारी आणि सर्व भागांची एकमेकांशीं गांठ घालून देणारी जी लहानशी आज्ञावली, तिला बायॉस म्हणतात. घरची किल्लीच अशा रीतीनें बाजारांत आली. या मोकळेपणांत औदार्यापेक्षां घाईचा वांटा मोठा होता. पण त्याचें फळ सर्वांना मिळालें.

बायॉस छापलेला असला तरी त्यावर कॉपीराइट होता. तो उतरून घेणें म्हणजे चोरी झाली असती. टेक्सासमधील ह्यूस्टन येथें रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनीं काढलेल्या कॉम्पॅक कंपनीनें यांतून वाट काढली. अभियंत्यांचे दोन गट केले. एका गटानें मूळ बायॉस अभ्यासून तो काय काय करितो एवढेंच लिहून काढावें. दुसऱ्या गटानें, ज्यानें मूळ मजकूर कधींही डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, त्या टिपणावरून तीच कामें करणारी नवी आज्ञावली लिहावी. १९८२ च्या नोव्हेंबरांत कॉम्पॅकचें यंत्र जाहीर झालें आणि १९८३ सालीं विक्रीस आलें. मागोमाग इतरही आले.

आतां अशा यंत्राला ‘जुळतें’ म्हणावयाचें कशावरून? त्या काळचे पारखी दोन कार्यक्रम चालवून पाहात. एक ‘लोटस १-२-३’ हा हिशेबाचा. आणि दुसरा मायक्रोसॉफ्टनें १९८२ सालीं काढलेला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमान उडविण्याचा खेळ. यांना वेग हवा असल्यामुळें ते मधल्या आज्ञावलींना वळसा घालून थेट यंत्राच्या भागांशीं व्यवहार करीत. त्यामुळें नकलेंत कोठें तसूभर फरक असला तरी तो ताबडतोब उघडा पडे. खेळांना पोरकट समजणाऱ्या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. भागांची खरी पारख करणाऱ्या दोन कसोट्यांपैकीं एक खेळाची होती.

बाजार निसटतो आहे हें पाहून आय.बी.एम.नें १९८७ च्या एप्रिलमध्यें ‘पी.एस./२’ ही नवी यंत्रमाला काढली. तिच्यांतील बहुतेक यंत्रांत कार्डांचे स्लॉट ‘मायक्रो चॅनल’ या नव्या पद्धतीचे होते. पद्धति चांगली होती, वेगवान होती. परंतु जुनें एकही कार्ड तींत बसत नव्हतें, आणि दुसऱ्या कोणाला ती वापरावयाची तर परवाना घेऊन मोबदला द्यावा लागणार होता. जें दार १९८१ सालीं उघडें राहिलें होतें, त्याला आतां कुलूप लावण्याचा हा बेत होता. तेव्हां १९८८ च्या सप्टेंबरांत कॉम्पॅकच्या पुढाकारानें ९ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनीं ‘ई.आय.एस.ए.’ ही आपली पद्धति जाहीर केली. तींत नवीं कार्डें बसत आणि जुनींही बसत. घरगुती यंत्रांत या पद्धतीचा फारसा प्रसार झाला नाहीं, परंतु तिनें निकाल लावला. ग्राहकानें आपलीं जुनीं कार्डें केरांत टाकण्याचें नाकारलें, आणि जिनें हें यंत्र जन्मास घातलें तिच्याच हातून त्याचा लगाम सुटला. पी.एस./२ ची आठवण एवढीच उरली आहे, कीं कांहीं मदरबोर्डांच्या मागच्या अंगास कीबोर्डासाठीं जें लहान गोल छिद्र असतें, त्याला अजूनही त्याच नांवानें ओळखतात.

दार उघडें राहिलें खरें. पण आंत शिरणाऱ्याची वाट निष्कंटक होती असें समजूं नये. १९९० च्या सुमारास घरीं यंत्र उघडणाऱ्याला दोन संकटांना तोंड द्यावें लागे. पहिलें संकट विजेचें. मदरबोर्डाला वीज पुरविणारे, सहा सहा तारांचे दोन प्लग शेजारीं शेजारीं बसवावे लागत. दोघांची घडण सारखीच असल्यानें ते अदलाबदल करूनही बसत, आणि तसे बसले तर बटण दाबतांच मदरबोर्ड जळून जाई. यासाठीं त्या वेळच्या कारागिरांनीं एक सोपी खूण ठरविली होती: दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मध्यभागीं एकमेकींना लागून आल्या पाहिजेत.

दुसरें संकट अधिक किचकट. प्रोसेसरचें लक्ष वेधून घेण्यासाठीं कार्डाला एक स्वतंत्र रेषा लागे, तिला ‘आय.आर.क्यू.’ म्हणत. पहिल्या यंत्रांत अशा ८ रेषा होत्या. १९८४ सालच्या यंत्रांत त्या सुमारें दुप्पट झाल्या, पण बऱ्याच आधींच वांटल्या गेलेल्या असत. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें ‘साउंड ब्लास्टर’ हें ध्वनीचें कार्ड १९८९ सालीं आलें आणि खेळणाऱ्यांनीं तें डोक्यावर घेतलें. परंतु तें बसवितांना कार्डावरील इवल्याशा टोप्या चिमट्यानें इकडून तिकडे हलवून रेषा नेमून द्यावी लागे. ती रेषा प्रिंटरच्या वांट्याला आलेली असली, कीं दोघांचें भांडण जुंपे आणि यंत्र जागच्या जागीं थिजे. १० डिसेंबर १९९३ रोजीं ‘डूम’ हा सुप्रसिद्ध खेळ प्रसिद्ध झाला. त्याचीही मांडणी करतांना ध्वनीचें कार्ड कोणतें, त्याचा पत्ता कोणता आणि रेषा कोणती, हें खेळणाऱ्यालाच सांगावें लागे. त्या पिढींतील कित्येक मुलांनीं संगणकाची अंतर्रचना पुस्तकांतून न शिकतां खेळाचा आवाज ऐकूं यावा या हट्टापायीं शिकून घेतली.

या दोन्ही संकटांवर उपाय निघाला तो इंटेलच्या पुढाकारानें. १९९२ सालीं ‘पी.सी.आय.’ ही कार्डांची नवी पद्धति आली. हें कार्ड यंत्र सुरू होतांच आपण कोण व आपल्याला काय हवें हें स्वतः सांगतें, आणि रेषांची वांटणी यंत्रच करितें. १९९५ च्या जुलैमध्यें ‘ए.टी.एक्स्.’ हें प्रमाण प्रसिद्ध झालें. मदरबोर्डाचें माप ३०५ गुणिले २४४ मिलीमीटर. स्क्रूंचीं छिद्रें अमुक जागीं. मागील खिडकी अमुक जागीं. आणि विजेचा प्लग एकच, २० तारांचा, एकाच दिशेनें बसणारा. पुढें तो २४ तारांचा झाला. १९९७ सालीं याच घराण्यांतील ‘मायक्रो ए.टी.एक्स्.’ हें २४४ मिलीमीटर चौरसाचें माप आलें आणि २००१ सालीं तैवानच्या व्हिया कंपनीनें १७० मिलीमीटर चौरसाचें ‘मिनी आय.टी.एक्स्.’ काढलें. छिद्रांच्या जागा एकाच हिशेबानें ठेवल्यामुळें मोठ्या कॅबिनेटांत लहान मदरबोर्ड बसतो. लहान कॅबिनेटांत मोठा मात्र बसत नाहीं. आज कॅबिनेट निवडतांना जो पहिला प्रश्न विचारावयाचा, त्याचें उत्तर या तीन मापांत सामावलेलें आहे.

खेळाच्या यंत्राचा प्राण म्हणजे ग्राफिक्स कार्ड. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें ‘व्हूडू’ हें कार्ड आलें, तेव्हां पडद्यावरील भिंतींना प्रथमच खऱ्या भिंतींचा पोत आल्यासारखा वाटला. तें केवळ त्रिमित चित्रेंच काढी. साध्या चित्रांसाठीं दुसरें कार्ड ठेवून दोहोंमध्यें बाहेरून एक तार जोडावी लागे. अशा कार्डांची भूक वाढत गेली, म्हणून १९९७ सालीं त्यांच्यासाठीं ‘ए.जी.पी.’ हा खास स्लॉट मदरबोर्डांवर आला, आणि २००४ सालीं त्याची जागा ‘पी.सी.आय. एक्स्प्रेस’नें घेतली. या शेवटच्या पद्धतीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक खेपेस वेग वाढला. परंतु स्लॉटचें माप बदललें नाहीं, आणि नव्या आवृत्तीचें कार्ड जुन्या स्लॉटांतही, वेग कमी करून कां होईना, चालतें. १९८८ सालीं ग्राहकानें जो कौल दिला होता, तो येथें पाळला गेला आहे.

आतां ज्या ठिकाणीं सलोखा झाला नाहीं, त्याकडे वळूं. कारण नवख्याची फसगत तेथेंच होते. पहिलें ठिकाण प्रोसेसरचें सॉकेट. १९९५ च्या सुमारास ‘सॉकेट ७’ नांवाच्या एकाच बैठकीवर इंटेल, ए.एम.डी. आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर बसत. १९९७ सालीं पेंटियम २ बरोबर इंटेलनें ‘स्लॉट १’ ही आपली स्वतंत्र बैठक काढली. १९९९ सालीं ए.एम.डी.नें ‘स्लॉट ए’ काढला. त्याची जोडपट्टी घडणीनें इंटेलच्या पट्टीसारखीच होती, पण उलट दिशेनें बसविलेली, आणि विजेच्या दृष्टीनें एकाचा दुसऱ्याशीं कांहींएक संबंध नव्हता. तेथून दोन घराणीं वेगळीं झालीं तीं कायमचीं. आजही प्रोसेसर ठरला कीं मदरबोर्डाचें घराणें ठरतें, आणि एका घराण्यांतून दुसऱ्या घराण्यांत सोयरीक होत नाहीं.

एकाच घराण्यांतही सावध राहावें लागतें. इंटेलचें ‘एल.जी.ए. ११५१’ हें सॉकेट २०१५ सालीं आलें. २०१७ च्या ऑक्टोबरांत आठव्या पिढीचे प्रोसेसर निघाले. त्यांच्याही संपर्कबिंदूंची संख्या ११५१ च होती. तरी आधींच्या दोन मालिकांच्या मदरबोर्डांवर ते चालत नव्हते. नवे मदरबोर्डच घ्यावे लागले. पत्रिकेंतील छत्तीस गुण जुळूनही लग्न मोडावें, तसा हा प्रकार. उलट ए.एम.डी.चें ‘ए.एम. ४’ हें सॉकेट २०१७ पासून घरोघर पोहोंचलें आणि कित्येक पिढ्यांच्या प्रोसेसरांना पुरलें. मात्र त्यासाठीं मदरबोर्डावरील बायॉस नवा करून घ्यावा लागे. तेथेंही एक गंमत झाली. बायॉस नवा करावयाचा तर यंत्र सुरू झालें पाहिजे, आणि जुन्या बायॉसवर नवा प्रोसेसर सुरूच होत नाहीं. २०१८ सालीं अशा अडलेल्या ग्राहकांना जुना प्रोसेसर उसना देण्याची सोय कंपनीला करावी लागली. यावरून घ्यावयाचा धडा असा कीं, वस्तु बसली म्हणजे चालली असें नव्हे. मदरबोर्डाच्या कारखानदारानें प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी आणि त्यापुढें दिलेला बायॉसचा क्रमांक वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

दुसरें ठिकाण रॅमचें. पण येथील कथा अधिक शिस्तीची आहे. जेडेक या संस्थेनें रॅमच्या पिढ्या नेमून दिल्या आहेत: पहिली डी.डी.आर. २००० सालीं, दुसरी २००३ सालीं, तिसरी २००७ सालीं, चौथी २०१२ सालीं, पांचवी २०२० सालीं. चौथ्या आणि पांचव्या पिढीच्या पट्ट्यांना संपर्कबिंदु सारखेच, २८८. परंतु पट्टीच्या कडेला जी खांच असते तिची जागा बदललेली आहे, म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसतच नाहीं. काळ्या तारांची खूण ज्यांना लक्षांत ठेवावी लागे, त्यांच्या पुढच्या पिढीची काळजी या खांचेनें वाहिली. तथापि इंटेलच्या २०२१ सालच्या ‘एल.जी.ए. १७००’ या सॉकेटाचे कांहीं मदरबोर्ड चौथ्या पिढीची रॅम घेतात व कांहीं पांचव्या, ए.एम.डी.चें २०२२ सालचें ‘ए.एम. ५’ फक्त पांचवी घेतें. मदरबोर्डाच्या नांवाच्या शेवटचें अक्षर न् अक्षर वाचावें, तें याकरितां. शिवाय एका मोठ्या पट्टीपेक्षां सारख्या दोन पट्ट्यांची जोडी घेतल्यास प्रोसेसरला दोन वाटांनीं मजकूर मिळतो, आणि खेळांत त्याचा फरक जाणवतो.

तिसरें ठिकाण विजेचें. आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या संपूर्ण यंत्राचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता. २०२२ सालीं निघालेल्या आर.टी.एक्स्. ४०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डाची भूक ४५० वॅटची आहे. पी.सी.आय. एक्स्प्रेसचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो. त्यापुढची तारांनीं आणावी लागते. सहा टोंकांच्या प्लगांतून ७५, आठ टोंकांच्या प्लगांतून १५० वॅट, असा हिशेब आहे. हे प्लग पुरेनात, म्हणून ६०० वॅटपर्यंत नेणारा १६ टोंकांचा एक लहानसा प्लग निघाला. आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो वितळल्याच्या तक्रारी जगभरांतून येऊं लागल्या. तो पुरता आंत बसलेला नसतांही वीज वाहूं देई, हें एक प्रमुख कारण ठरलें. २०२३ सालीं त्याची रचना सुधारण्यांत आली, ती अशी कीं प्लग नीट बसल्यावांचून पूर्ण वीज मिळूं नये. म्हणून हा प्लग बसवितांना तो शेवटपर्यंत गेला आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें आणि त्याच्या मुळाशीं तार मुरडूं नये.

याच संदर्भांत आणखी एक इशारा देणें मला अगत्याचें वाटतें. चांगल्या एसएमपीएसच्या तारा दोन्ही टोंकांनीं सुट्या होतात. मदरबोर्डाकडील टोंक प्रमाणाप्रमाणें असतें; एसएमपीएसकडील टोंकाला मात्र सर्वमान्य प्रमाण नाहीं. एका बनावटीची तार दुसऱ्या बनावटीच्या एसएमपीएसला बसते आणि आंतील भाग जाळून टाकते. १९९० सालचें तेंच संकट निराळ्या वेषांत पुनः आलें आहे. तसेंच जुना एसएमपीएस वापरावयाचा असल्यास त्याच्या मागच्या अंगास ११५ व २३० असा लाल खटका असण्याचा संभव असतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, तेव्हां तो त्याच आंकड्यावर आहे हें आधीं पाहावें.

एवढा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे यादी करण्याचा क्रम आपोआप सुचतो. प्रथम आपल्याला कोणते खेळ खेळावयाचे आणि पडदा केवढा, हें ठरवावें. त्यावरून ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाला साजेसा प्रोसेसर; साध्या प्रोसेसरच्या जोडीला अति महाग कार्ड घेतलें तर नाकापेक्षां मोती जड, अशी गत होते. प्रोसेसरवरून सॉकेट, सॉकेटावरून मदरबोर्ड, मदरबोर्डावरून रॅमची पिढी. मग कार्ड व प्रोसेसर यांची भूक मिळवून, इतर भागांचा वांटा धरून व वर चांगली सवड ठेवून एसएमपीएस. सर्वांत शेवटीं कॅबिनेट. त्यांत मदरबोर्डाचें माप, कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरील पंख्याची उंची या तिन्ही गोष्टी मावतात ना, हें मिलीमीटरांत पाहावें. मोठीं कार्डें ३०० मिलीमीटरांहूनही लांब असतात. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत जो अशी यादी घेऊन जातो, त्याला दुकानदार समोर असेल तो माल गळ्यांत बांधूं शकत नाहीं.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, तयार यंत्र विकत मिळत असतां हा खटाटोप कशाला? त्याला माझें उत्तर असें. सुट्या भागांच्या यंत्रांत पांच वर्षांनीं एक भाग थकला, तर तेवढाच बदलतां येतो. बाकीचें यंत्र चालू राहातें. ज्या यंत्रांत सर्व कांहीं डाख देऊन जखडलेलें असतें, त्यांतील रॅम अपुरी पडली तर सगळें यंत्र मोडींत जातें. आज पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम अशीच जखडलेली असते. कारखानदाराचेंही म्हणणें अगदींच निराधार नाहीं. भाग जितके जवळ तितका वेग अधिक आणि विजेचा खर्च कमी. पण या वादांतही मधली वाट काढण्याचे यत्न चालू आहेत. २०२३ च्या डिसेंबरांत जेडेकनें ‘कॅम २’ हें लॅपटॉपांतील सपाट, काढतां-घालतां येणाऱ्या रॅमचें प्रमाण प्रसिद्ध केलें, तें याच हेतूनें. म्हणजे १९८७ सालचा झगडा अद्याप संपलेला नाहीं.

त्या झगड्यांत पारडें फिरलें तें ग्राहकांनीं आपलीं जुनीं कार्डें हातचीं सोडलीं नाहींत म्हणून. प्रमाणें समित्या लिहितात, परंतु त्यांना बळ येतें तें घेणाऱ्यांच्या आग्रहानें. ज्या घरांत मुलें स्वतः यादी करितात, मापें ताडून पाहातात, आणि हें उघडतां येईल कां, बदलतां येईल कां, असें विकणाऱ्याला विचारतात, त्या घरांतून तो आग्रह अजून बाजारांत पोहोंचतो. तेव्हां आपल्या घरीं कोणी अशी यादी करूं लागलें, तर त्या कागदाकडे थोडें कौतुकानें पाहावें, आणि खर्चाचा आंकडा विचारण्यापूर्वीं सॉकेट कोणतें, एवढें अवश्य विचारावें.